कंडक्टरकडे घंटी होती

मामांच्या हॉटेलात अठ्ठावीस खुर्च्या आहेत. सात टेबलं, प्रत्येकाला चार. आकडा आधीच सांगून ठेवतो, कारण त्या संध्याकाळचा निम्मा वाद याच आकड्यावरून झाला.

औरंगपुऱ्यातून गुलमंडीकडे निघालं की एका बोळाच्या तोंडाशी हे हॉटेल लागतं. राहायची सोय नसलेलं, म्हणजे आपण मराठीत ज्याला हॉटेल म्हणतो तसलं. सकाळी पोहे, दुपारी मिसळ, संध्याकाळी भजे आणि दिवसभर चहा. बाहेरच्या पाटीवर २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आलं, मामांच्या तोंडातलं औरंगाबाद काही गेलं नाही. आत गल्ल्यावर आजोबांचा फोटो, त्याखाली ‘उधार बंद’ आणि शेजारी साठ बाय तीस सेंटिमीटरची पांढरी पाटी: ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र. येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे.’ तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नावही नियमाप्रमाणे लावावं लागतं. तेही आहे. ज्याचं नाव आहे तो मॅनेजर सात वर्षांपूर्वी वाळूजला स्वतःची मेस टाकायला निघून गेला.

माझी थोरली बहीण, ताई, छातीच्या रोगांची डॉक्टर. ती आत आली, कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलाशी थांबली आणि तिथला कागदी कप उचलून तिनं गल्ल्यावर मामांसमोर ठेवला. कपात दोन बोटं पाणी, पाण्याला चहासारखा रंग आणि मधे फुगलेलं एक थोटूक.

“मामा, हे काय?”

“कप आहे.”

“ॲश ट्रे ठेवायचा नाही, काडेपेटी द्यायची नाही, लायटर द्यायचा नाही. ओढणाऱ्याची सोय होईल असं काहीच पुरवायचं नाही. नियम आहे तो.”

“ॲश ट्रे कुठं दिसायलाय तुला? दोन ऑक्टोबर दोन हजार आठ. गांधीजयंतीला नियम लागू झाला, आदल्या दिवशी सगळे ॲश ट्रे पोत्यात भरून माळ्यावर टाकले मी. काचेचे होते, सिगारेट कंपनीचा माणूस फुकट द्यायचा. आता गिऱ्हाइकानं पाणी मागितलं तर पाणी द्यायचं नाही असंबी लिहिलंय का नियमात?”

मी गल्ल्याजवळच्या टेबलावर होतो आणि मधे पडायची माझी तयारी नव्हती. सहा वर्षांपूर्वीपर्यंत असल्या कपांतली काही थोटकं माझी असायची. सोडलेल्या माणसानं या विषयावर फार बोलू नये. त्याचा आवाज आपोआप कीर्तनकारासारखा होतो.

“तीस खुर्च्या असत्या तर मलाबी खोली काढता आली असती,” मामा म्हणाले. “तुमच्या त्या कोटपातच आहे ना? दोन हजार तीनचा तंबाखूचा कायदा. तीस माणसं बसतील असं रेस्टॉरंट, नाहीतर तीस खोल्यांचं लॉज असलं की ओढणाऱ्यांना वेगळी जागा देता येते. मोठ्याला मुभा आणि लहान्याला पावती. दोन खुर्च्यांनी हुकलो मी.”

“दोन खुर्च्या मी आणून देते. पण खोली कशी लागते माहितीय? चारी बाजूंनी बंद. दार आपोआप लागणारं. आतली हवा पंख्यानं थेट बाहेर गेली पाहिजे, हॉलमधे येता कामा नये. जायच्या-यायच्या वाटेवर नको. आणि मे २०१७ पासून त्या खोलीत काही द्यायचंच नाही, चहासुद्धा नाही.”

“चहा नाही?”

“नाही.”

“मग ती खोली कशाची, कोठडी झाली. चहाबिगर सिगारेट ओढायला कोण जाईल?”

“तेच तर.”

मामा हसले. ते हरले की हसतात, आणि हसून झालं की नव्यानं सुरू करतात. “बरं, मला सांग, बुढी लेनला नान-खलिया खायला जातेस ना तू? तिथं भट्टी असते. भट्टीचा धूर चालतो, सिगारेटचा कामून चालत नाही?”

“भट्टीचाही चालत नाही. चुलीपुढं जन्म गेलेल्या बायका येतात माझ्याकडं, सिगारेट हातात न धरलेल्या, आणि छाती विडी ओढणाऱ्या बाप्यासारखी. पण भट्टीवर धुराडं बसवता येतं मामा. ओढणाऱ्याच्या तोंडावर कसं बसवणार?”

धुराड्यावरून मला माळा आठवला. या हॉटेलाला माळा आहे, आता तिथं बटाट्याची पोती असतात. आमच्या लहानपणी ती ‘फॅमिली रूम’ होती. लाकडी जिना, वर तीन टेबलं, मळकट हिरवा पडदा. आजोबांच्या काळी खालच्या हॉलमधे पुरुष बसत आणि जवळजवळ सगळे ओढत. मराठवाडा निजामाच्या राज्यातला, त्यामुळे हात हैदराबादच्या सवयीचा. चारमिनार तिकडूनच यायची. बायकामुलं आली की आजोबा गल्ल्यावरून वर बोट दाखवायचे. आई आम्हाला घेऊन वर जायची. धूरही वरच जायचा. खाली पंखे होते, वर नव्हता. भज्यांची प्लेट यायच्या आत ताईचे डोळे चोळून लाल झालेले असत, आणि आई पदरानं वारा घालत म्हणायची, खा लवकर.

मी हे बोलून दाखवलं तशी ताई जिन्याकडे बघत राहिली.

“म्हणजे खोली तेव्हाही होती,” ती म्हणाली. “फक्त आत कोणाला घालायचं ते उलटं होतं. न ओढणाऱ्यांना कोंडायचं, ओढणाऱ्यांना मोकळा हॉल. आणि तेव्हा मोठ्याला मुभा, लहान्याला त्रास असं कोणी म्हणालं नाही. आम्ही खरंच लहान होतो.”

मामा यावर काही बोलले नाहीत. त्यांनी चिल्लर मोजायला घेतली.

कायद्याचा प्रवासही थोडा असाच झाला. मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २ नोव्हेंबर २००१ ला सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद करायला सांगितलं. त्या आदेशात सभागृहं, रुग्णालयं, शिक्षणसंस्था, ग्रंथालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, रेल्वे आणि इतर सार्वजनिक वाहनं होती. हॉटेल नव्हतं. ते आलं २००३ च्या कायद्यात, ‘सार्वजनिक जागा’ या शब्दाच्या व्याख्येत. माणूस कचेरीत नाइलाजानं जातो, हॉटेलात हौसेनं. नको असेल तर जाऊ नये, असा विचार आदेशामागे असेलही. मामांचा तर पक्का आहे.

“ज्याला धूर चालत नाही त्यानं दुसरीकडं बसावं. गुलमंडीत काय हॉटेलं कमी आहेत का? ज्याला जिथं पटतं तिथं तो जाईल. सरकारचं काय मधे?”

“गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल. तुमचा पोऱ्या कुठं जाईल?”

पोऱ्या म्हणजे वेटर, वीस-बावीसचा, कन्नड तालुक्यातला. तेव्हा तो आमच्या शेजारच्या टेबलावर फडकं मारत होता आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होता.

“गिऱ्हाईक वीस मिनिटं बसतं,” ताई म्हणाली. “हा सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत इथंच. आयर्लंडनं २९ मार्च २००४ ला पबमधली सिगारेट बंद केली ना, ती कामाच्या जागी धूर नको म्हणून. पब तुमच्यासाठी करमणूक असेल, ग्लास भरणाऱ्याची ती कामाची जागा आहे. आपल्याकडं या बाजूनं कोणी बघतच नाही. आपण गिऱ्हाइकाच्या हक्कावर भांडतो, ओढणाऱ्याच्या नाहीतर न ओढणाऱ्याच्या. फडकं मारणारा हिशोबातच नाही. आणि थोडा धूर चालतो असंही नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलनं २००६ लाच लिहून ठेवलंय, दुसऱ्याच्या धुराला सुरक्षित अशी पातळीच नाही. खिडकी उघडून, पंखा लावून धूर पातळ होतो, जात नाही.”

इथं मला वाटलं आता मामा हसतील. पण ते गंभीर झाले.

“ताई, तू बोलायलीस ते खरंय. पण हे बंद करणार कोण? एस.टी.त विड्या कशा बंद झाल्या सांग. पाटी तर पहिल्यापासून होती, ‘धूम्रपान करू नये’. पाटीनं झालं का? झालं कंडक्टरनं. मी पैठणच्या गाडीत बघितलंय. पागोटंवाला बाबा मागं बसून ओढत होता. कंडक्टरनं दोरी ओढली, टण्. गाडी थांबली. म्हणाला, विडी विझव नाहीतर उतर. सगळी गाडी कंडक्टरच्या बाजूनं! सगळ्यांना उशीर होत होता ना. बाबानं विझवली. आता माझ्या पोऱ्याकडं कुठंय घंटी? त्यानं कुणाला म्हणावं, साहेब, विझवा? साहेब म्हणणार, मालकाला बोलाव. नाहीतर टीप ठेवणार नाही. नाहीतर कानाखाली. हॉल थांबत नाही, कुणाला उशीर होत नाही. बाकीचे सहा टेबल भजे खात बघत बसतात.”

मी या विषयावर बरंच वाचलंय, पण अंमलबजावणीचं इतकं नेमकं वर्णन कुठल्या अहवालात मला सापडलेलं नाही. बंदी पाटीवर लिहिता येते. ती तोंडानं सांगावी लागते तेव्हा सांगणाऱ्याच्या पाठीशी काहीतरी थांबवायची ताकद लागते. आणि आपल्या हॉटेलांत सांगायचं काम नेमकं त्याच्याकडे येतं ज्याच्याकडे ती सगळ्यात कमी असते.

“पोलीस आहेत, अन्न-औषधवाले आहेत,” ताई म्हणाली, पण आवाज जरा उतरला होता.

“आहेत की. एकतीस मेच्या आठवड्यात एक पथक आलं होतं, तंबाखूविरोधी दिवस म्हणून. पाटीचा फोटो काढला, दोघांच्या पावत्या फाडल्या, चहा पिऊन गेले. पुढच्या एकतीस मेला भेटू. आणि दंड किती? दोनशे. दोन हजार तीनमधे दोनशे रुपयाला काहीतरी वजन होतं. आज दोनशे म्हणजे सिगारेटचं पाकीट. एकानं तर पथकापुढंच पाचशेची नोट काढली आणि म्हणाला, उरलेल्याच्या आधीच फाडून ठेवा.”

“कर्नाटकानं २०२५ मधे हजार केला.”

“मग निपाणीला जाऊन ओढू नका म्हणावं.”

“आणि मालकाचं काय? तक्रार येऊनही मालकानं काही केलं नाही तर जितके ओढणारे तितक्यांचा दंड मालकावर. पाच जण ओढत असले तर पाच दोनशे.”

“तक्रार कोण करणार? पाटीवरचं नाव वाच. त्याला वाळूजला फोन लावावा लागेल.”

हे बोलताना मामांचा हात गल्ल्यावरच्या घंटीवर होता. पितळेची, वरून थाप मारायची. ऑर्डर तयार झाली, टेबल रिकामं झालं, कोणी बिल न देता उठलं, की मामा ती मारतात आणि पोऱ्या पळत येतो. ताईनं त्या हाताकडे बघितलं.

“घंटी तर तुमच्याकडं आहे.”

मामांनी हात काढून घेतला.

थोडा वेळ शांतता होती. मग विषय ओट्यावर गेला, तो जाणारच होता. हॉटेलाच्या दारात ओटा आहे, खाली गटार. ओट्याच्या टोकाला पानटपरी. तिचा मालक वेगळा, गिऱ्हाईक एकच. चहा इथं, सिगारेट तिथं. टपरीच्या खांबाला दोरीनं बांधलेला लायटर लोंबतो. माझ्या लहानपणी तिथं काथ्याचा सुंभ टांगलेला असायचा, दिवसभर टोकाशी धुमसत. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, या म्हणीतला सुंभ मी पहिल्यांदा पाहिला तो विड्या पेटवायच्या कामात. महाराष्ट्रानं सप्टेंबर २०२० मधे सुट्टी सिगारेट आणि सुट्टी विडी विकायला बंदी केली. दोरीचा लायटर अजून आहे, म्हणजे सुट्टी कोण विकतं ते विचारायची गरज नाही. पाकीट घेणाऱ्याला खांबाशी जावं लागत नाही.

“आतले बाहेर काढले तर ओट्यावर उभे राहतात,” मामा म्हणाले. “धूर दारातून आत. मग तो आतला धरायचा का बाहेरचा?”

प्रश्न वाटतो तेवढा खट्याळ नाही. २००३ च्या कायद्यानं ‘मोकळी जागा’ सार्वजनिक जागेच्या व्याख्येतून वगळली होती. २००८ च्या नियमांनी त्यातून पुन्हा काही मोकळ्या जागा बंदीत ओढल्या: खुली सभागृहं, स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बस थांबे ‘आणि अशा इतर जागा’. मामांचा ओटा ‘अशा इतर जागां’त बसतो का, यावर दोन वकील दोन तास बोलू शकतील. धुराला वकील लागत नाही, तो दाराच्या पडद्याखालून येतो.

“ओटा कोणाचा?” ताईनं विचारलं.

“गटार महापालिकेची. ओटा...” मामा थांबले. “ओटा वडिलांनी बांधला.”

आम्ही तिघंही हसलो. पोऱ्याही हसला आणि मग पटकन फडकं मारायला लागला.

मामांच्या पोतडीत अजून एक आकडा होता. तो त्यांना ताईनंच कधीतरी सांगितलेला. केंद्र सरकारच्या प्रौढांमधल्या तंबाखू पाहणीत, २०१६-१७ च्या, महाराष्ट्रात ओढणारे होते ३.८ टक्के आणि खाणारे २४.४ टक्के. “शंभरात चार ओढायले आणि चोवीस मळायले,” मामा म्हणाले. “त्या चोवीस जणांचं तू काही बोलत नाहीस. माझं बेसिन बघ जाऊन. पोऱ्या दिवसातून चारदा घासतो. गुटखा दोन हजार बारापासून बंद आहे म्हणे. बंद आहे म्हणून महाग आहे, एवढंच. आमखास मैदानाजवळ कर्करोगाचं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथं जाऊन बघ तोंडं बांधलेली माणसं. ती सिगारेटवाली आहेत का? तू चार लोकांच्या मागं लागलीस.”

ताई लगेच बोलली नाही. तिला ही बाजू तिच्या कामामुळे जास्त माहीत आहे, आणि ती खोटं बोलणार नव्हती.

“खरंय,” ती म्हणाली. “मराठवाड्यात तंबाखू बहुतेक तोंडातच असतो. माझ्यापेक्षा माझ्या दातांच्या डॉक्टर मैत्रिणींना त्याचं काम जास्त. पण मळणाऱ्याचा तंबाखू त्याच्याच गालात राहतो मामा. ओढणाऱ्याचा शेजारच्याच्या छातीत जातो. म्हणून हॉटेलचा कायदा ओढण्यावर आहे. आणि चारच आहेत म्हणता, तर मग चारांना सांगणं अवघड कशाला जायला पाहिजे?”

मला हा तिचा सगळ्यात चांगला मुद्दा वाटला, आणि मामांना सगळ्यात राग आणणारा.

“कारण ते चार माझे रोजचे आहेत! चोवीस येतात-जातात. हे चार चाळीस वर्षं त्याच खुर्चीवर बसतात. एकाच्या मुलीच्या लग्नात मी पंगत वाढलीय. तू परमिट रूममधे जा ना, वाळूज रोडला, शिफ्ट सुटल्यावर. एसी हॉल, दारं बंद, आतलं माणूस दिसत नाही. तिथं कोण विचारतं? सगळे कायदे चहावाल्याला.”

परमिट रूमबद्दल ते खरं बोलत होते. असल्या ठिकाणांकडे कायद्याचं लक्ष गेलं ते आगीनंतर. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिलमधे आग लागून चौदा माणसं गेली, हुक्क्याच्या निखाऱ्याची ठिणगी कारण म्हणून पुढे आली, आणि महाराष्ट्रानं २०१८ मधे हुक्का पार्लरवर बंदी आणली: एक ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते एक लाख दंड. धुरानं हळूहळू जाणाऱ्याला दोनशे आणि ठिणगीनं एकदम जाणाऱ्याला लाख. आपण आगीला घाबरतो.

पोऱ्या आमचे कप उचलायला आला तेव्हा ताईनं त्याला सरळ विचारलं, “मघाशी त्या कोपऱ्यातल्या माणसाला तू सांगितलं होतंस का?”

त्यानं आधी शेठकडे बघितलं. मामांनी मान हलवली, बोल.

“सांगितलं होतं की ताई. म्हणलं साहेब, आत नका ओढू. ते म्हणले, नवीन आलास का?”

“मग?”

“म्हणलं, तीन वर्षं झाली.”

“मग?”

“मग पाणी आणून दिलं.”

त्यानं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. भजे संपले म्हणून सांगावं तसं सांगितलं. कप त्याच्या हातात होते आणि ताईनं मघाशी गल्ल्यावर ठेवलेला कागदी कपही त्यानं जाता जाता उचलला, दोन बोटांनी, कडेला धरून. त्याला त्याची किळस येत होती हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. तीन वर्षांत किती कप उचलले असतील त्यानं. त्यातले माझे नव्हते, एवढं माझं समाधान, कारण मी त्याच्या आधी सोडली.

मामा गल्ल्याच्या काचेकडे बघत होते.

साडेसातच्या सुमाराला त्यांचे ते रोजचे एक आले. सत्तरीचे, पांढरा शर्ट, खिशात पेन. कोपऱ्यातली खुर्ची ओढली, चहा सांगितला, पेपर उघडला. चहा आला. दोन घोट झाले आणि पाकीट बाहेर आलं. आम्ही तिघंही न बघितल्यासारखं करून बघत होतो. मामांचा हात घंटीवर गेला. मारली असती तर पोऱ्या पळत आला असता, आणि मामांनी नुसती भुवई उडवली असती, जा, सांग. चाळीस वर्षांची रीत.

हात तिथंच राहिला. मग मामा उठले. गल्ल्याची फळी वर करून बाहेर आले, गुडघ्यावर हात टेकत कोपऱ्यापर्यंत गेले आणि समोरच्या खुर्चीवर बसले. काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. पाच मिनिटं तरी बोलत होते. एकदा नातवाचं नाव ऐकू आलं, एकदा दोघं हसले, एकदा मामांनी बोटानं आमच्या टेबलाकडे दाखवलं. सगळं पाप भाचीवर ढकललं असणार. मग ते गृहस्थ उठले, ताईकडे बघून जरा मान झुकवली आणि पेपर, पाकीट घेऊन दाराबाहेर गेले. चहा अर्धा राहिला.

मामा परत येऊन बसले. “हे रोज करायचं म्हणलं तर गल्ला कोण सांभाळणार?” ते म्हणाले. “आणि त्यांचा चहा लिहू नको रे.”

दारात काडी ओढल्याचा आवाज झाला. गृहस्थ ओट्यावर उभे होते, आमच्याकडे पाठ करून. वारा बोळातून आत येत होता. पहिला झुरका पडदा ओलांडून सावकाश पहिल्या टेबलापर्यंत आला, तिथं एक बाई लहान मुलाला भजे भरवत होती.

पोऱ्या सवयीनं कागदी कपात दोन बोटं पाणी घेऊन निघालेला. उंबऱ्यापाशी थबकला.

“शेठ,” त्यानं विचारलं, “बाहेर नेऊ का हा?”

मामांनी ताईकडे बघितलं.